सव्वीस तारखेचे मासे

कोल्हापूरला सोमवारी सुट्टी. बाजारपेठ बंद, कारखाने बंद. इथला माणूस रविवारी राबेल, पण सोमवारी हत्याराला हात लावायचा नाही. पण रक्ताला कसला आलाय सोमवार? म्हणून शाहूपुरीतल्या त्या जिन्यावरच्या खोलीत, रक्तमित्र मंडळाच्या फोनपाशी, क्रांती सोमवारीही बसायची. आणि त्या सोमवारी, म्हणजे एकोणीसशे नव्याण्णवच्या एप्रिलच्या सव्वीस तारखेला, ती फोनकडे न बघता कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बघत बसली होती. घरात साप शिरलाय, कुठल्या फडताळामागं गेलाय ते ठाऊक नाही, आणि आपण पाय वर घेऊन बसलोय, तशी.

मंडळ म्हणजे फार काही मोठं प्रकरण नव्हे. हंबीरराव एसटीच्या डेपोतनं कंट्रोलर म्हणून रिटायर झाले आणि घरात बसून करायचं काय म्हणून त्यांनी रक्तदात्यांची नावं गोळा करायला सुरुवात केली. त्यातही त्यांचा जीव एका यादीवर. बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून एक रक्तगट असतो, हजारात सोडा, दहा हजारांत एखाद्याचा. साध्या तपासणीत तो ‘ओ’सारखा दिसतो, पण ‘ओ’चं रक्त चढवलं तर माणूस हातचा जातो. त्याला त्याच गटाचं रक्त पाहिजे, दुसरं कुठलंच चालत नाही. अशी एकेचाळीस माणसं हंबीररावांनी कोल्हापूर, सांगली, बेळगाव पालथं घालून हुडकली होती. कुणी गवंडी, कुणी मास्तर, कुणी भाजीवाली. बहुतेकांच्या घरी फोन नव्हता. शेजारचा, किराणा दुकानाचा, असले नंबर. ते पाठ कोण करणार?

आधी हे सगळं एका लाल वहीत होतं. कॉम्प्युटर आला, क्रांतीनं दोन महिने खपून सगळी नावं आत घातली, आणि मग वहीचं काय करायचं असा प्रश्न आला. हंबीरराव म्हणाले, “माणसांच्या रक्ताची नावं हायत तीत. रद्दीत घालतीस व्हय?” आणि त्यांनी हार घालून, हळदकुंकू वाहून, ती वही पंचगंगेत सोडली. आता या माणसाला काय म्हणावं! क्रांती तेव्हा पोट धरून हसली होती. आता तिला हसू येत नव्हतं.

कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या अतुलनं सुटे भाग आणून जोडलेला. सोळा एमबीची रॅम. सुरुवातीला त्यात अँटीव्हायरस घातला होता, तर यादी उघडायला लागेपर्यंत चहा पिऊन कप विसळून व्हायचा. अतुलनं तो काढून टाकला. म्हणाला, “राखणदारच एवढा ढेरपोट्या हाय की घरातल्यांना हलायला जागा न्हाय. त्यापरास नियम पाळा.” आणि त्यानं नियम लिहून भिंतीला चिकटवले. बाहेरची फ्लॉपी घालायची नाही. घालावी लागलीच तर तिच्यातला चालणारा प्रोग्राम उघडायचा नाही, नुसता कागद बघायचा. फ्लॉपी आत ठेवून यंत्र चालू करायचं नाही. यादीची एक प्रत कायम वेगळ्या फ्लॉपीवर, कपाटात. दीड वर्ष या खोलीत काही शिरलं नाही, ते या नियमांमुळं. आणि नियम पाळणारी कोण, तर क्रांती. हंबीरराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “आमची क्रांती म्हंजे कॉम्प्युटरची सासू हाय.”

आणि या सासूनंच माती खाल्ली.

खालच्या फोटो स्टुडिओतली श्रुती मार्चमध्ये वर आली. “एक फ्लॉपी दे गं, लगीनघाई हाय, उद्या आणून देतो.” हाताशी कपाटातली तेवढी एकच धड होती, प्रतीची. क्रांतीनं विचार केला, पुसू दे, परत आली की पुन्हा प्रत घेऊ. दिली. दुसऱ्या दिवशी फ्लॉपी परत आली ती भरून. श्रुती म्हणाली, “रिकामी कशी द्यायची? मासे घातल्यात बघ, लई भारी हायत!” आता शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे क्रांतीलाही तिच्या आईनं शिकवलेलं. साखर आलेली वाटी ‘नको’ म्हणून कोण परत ढकलतं? तिनं भिंतीवरच्या कागदाकडं एकदा बघितलं आणि मासे उघडले. पाच मिनिटं कुणी कॉम्प्युटरला हात लावला नाही की पडद्यावर निळं पाणी भरायचं आणि लाल-पिवळे मासे पोहायला लागायचे. हंबीरराव खुर्ची ओढून बघत बसायचे. प्रत घ्यायची ती राहूनच गेली.

एवढ्यावर थांबतं तर बरं होतं. पुढं त्याच आठवड्यात दोन रक्तपेढ्यांनी मंडळाकडं दात्याच्या अर्जाचा नमुना मागितला. एक कोल्हापुरातली, एक बेळगावची. दोघांनी आपापल्या कोऱ्या फ्लॉप्या पाठवल्या. क्रांतीनं अर्ज घातला आणि एवढी जागा उरलीय तर म्हणून, वर मासे घातले.

शनिवारी संध्याकाळी श्रुती धापा टाकत वर आली. अतुलनं तिचं यंत्र तपासलं होतं. “माशांतच हाय गं व्हायरस! सव्वीस तारखेला चालू केलं की आतलं समदं पुसतोय आणि यंत्रबी मारतोय. माझं त्यानं साफ केलं. तुमचं मंगळवारी बघतो म्हणलाय. सोमवारी चालू करू नका फक्त.”

हंबीरराव तिथंच होते. ते गडगडून हसले. “आमच्यात कुठनं येतोय? आमी नियम पाळतो.” मासे घरात कुठनं आले हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि क्रांतीनं सांगितलं नाही. चोवीस वर्षांची पोर, नेसरीहून एकटी येऊन कोल्हापुरात राहिलेली. ‘कॉम्प्युटरची सासू’ हा तिला आयुष्यात मिळालेला पहिला मान होता. आणि त्या दोन पेढ्या? त्या मोठ्या, त्यांच्याकडं चांगलं यंत्र असणार, अँटीव्हायरस असणारच, असं तिनं रविवारभर स्वतःला सांगितलं. फोन करायला एक मिनिट लागलं असतं. पण फोन केला की कुणी घातले मासे, हे आलंच की!

सोमवारी साडेअकराला फोन वाजला. क्रांती दचकून उठली.

पेढीतला सार्थक बोलत होता. तिथला टेक्निशियन, एरवी थट्टेखोर गडी, पण आज आवाज कोरडा पडला होता. “क्रांतीताई, बॉम्बे पाहिजे. लगेच. यल्लव्वा म्हणून बाई हाय, तुमच्या नेसरीकडचीच. बाळंत झाली पहाटे, रक्त थांबंना झालंय. दोन बाटल्या तरी पाहिजेत. डॉक्टर म्हणत्यात चारच्या आत.”

“पहाटे बाळंत झाली आणि आत्ता फोन करताय?”

“काय करणार हो! साडेआठला कॉम्प्युटर चालू केला आणि दोन मिनिटांत बसला की. काळा पडदा. नुसतं काळं. स्टॉक त्यात, रिपोर्ट त्यात, तुमचा नंबरबी त्यातच. सगळं हातानं करताना तीन तास गेले.”

क्रांती भिंतीला टेकली. साडेआठ ते साडेअकरा. तीन तास ती बाई रक्त सांडत पडली होती, आणि ते तीन तास आपण पाठवले होते, अर्जाबरोबर, वर भेट म्हणून. “करते,” एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

हंबीरराव तेवढ्यात जिना चढून आलेच. सगळं ऐकून त्यांनी पिशवी खाली टाकली. “मग बसलीस काय? काढ यादी!”

“आबा, आज सव्वीस तारीख.”

“असू दे की! आपल्यात काय न्हाय. चालू कर!”

“तुमाला कोण आठवतंय का बघा ना आधी.”

“ऋतुराज आठवतोय, तो पुण्याला गेला. पाटलाच्या पोरानं गेल्याच म्हयन्यात दिलंय, त्याला तीन म्हयनं घेता येत न्हाय. बाकीची गावं आठवत्यात, नंबर कुठनं आणू? अगं पोरी, बाई मरायल्या तिकडं!”

त्या क्षणी खरं सांगून टाकायचं होतं. सांगितलं असतं तर निदान दोघं मिळून घाबरलो असतो. चालू केलं तर यादी जाईल, एकेचाळीसच्या एकेचाळीस माणसं, या जन्मात परत सापडायची नाहीत. नाही केलं तर यल्लव्वा जाईल. आणि दोन्हीकडं करणारी मीच. अतुलच्या दुकानाला सोमवारचं कुलूप. घरी फोन लावला तर त्याची आई म्हणाली, पोरं पन्हाळ्याला गेल्यात फिरायला.

अतुल एकदा बोलता बोलता म्हणाला होता, “व्हायरसला कॅलेंडर कुठं दिसतंय? तो यंत्रातलं घड्याळ बघतोय.” ते तिला आठवलं. पण ते घड्याळ बदलायचं तर विंडोज चालू करायला पाहिजे, आणि विंडोज चालू झालं की खेळ खलास. त्याच्याआधी कुठंतरी एक निळा पडदा असतो, हेही तिनं पाहिलं होतं. जानेवारीत अतुल घड्याळ लावताना. यंत्र चालू झालं, काळ्या पडद्यावर पांढरे आकडे पळाले, की लगेच डिलीटचं बटण दाबायचं. दोन-तीन सेकंद मिळतात. हुकलं की ते थेट विंडोजमध्येच.

तिनं बटण दाबलं. पंखा घुमला. आकडे पळायला लागले आणि घाईत तिचं बोट भलत्याच बटणावर पडलं. पुन्हा डिलीट दाबेपर्यंत उशीर झाला होता. आभाळ, ढग आणि विंडोजची खिडकी पडद्यावर आली.

क्रांती किंचाळली आणि वाकून भिंतीतली पिन उपटली. पडदा विझला.

“आगं खुळी झालीस का काय!” हंबीरराव ओरडले. “असं उपटत्यात व्हय? जळंल की ते! काय चाललंय काय तुझं?”

“थांबा आबा. पाया पडते तुमच्या. बोलू नका.”

तिच्या तोंडाकडं बघून ते खरोखरच गप्प झाले. डेपोत पंचवीस वर्षं काढलेला माणूस, ब्रेक फेल झालेल्या गाडीच्या ड्रायव्हरचं तोंड कसं होतं ते त्यांना ठाऊक होतं.

आत काही उरलंय की ढगांबरोबरच सगळं गेलं, काही कळायला मार्ग नव्हता. तिनं पिन परत लावली. या वेळी बोट आधीच डिलीटवर ठेवलं आणि बटण दाबल्या क्षणापासून टकटकटक आपटत राहिली. आकडे पळाले. थांबले. पडदा निळा झाला.

तारखेच्या जागी सव्वीस होते. तिनं एकेक करत ते मागं नेले, पंचवीस, चोवीस, तेवीस. शेजारचा आकडा चुकून हलला तर तोही परत आणला. वीसवर थांबली. ठेवायचं का असं यंत्रानं विचारलं. हो म्हणाली. आणि मग जे होईल ते होवो म्हणून हात मांडीवर घेऊन बसली.

ढग आले. गेले. वाळूचं घड्याळ फिरत राहिलं. क्रांतीच्या मनात आलं, आता काळं होईल, आत्ता होईल. सार्थकच्या तिथं दोन मिनिटं लागली होती. ती मनातल्या मनात आकडे मोजत होती. ऐंशी झाले, शंभर झाले, यादी उघडली. एकशेवीस झाले तरी यादी समोरच होती.

“सांग!” हंबीरराव फोनजवळ गेले. पेठ वडगाव असो की गडहिंग्लज, कोल्हापूरबाहेर लावायचं तर फोनचं कुलूप काढायला लागे, आणि त्याची किल्ली त्यांच्या जानव्यासारखी कायम गळ्यात. त्यांनी कुलूप काढलं.

तिनं लगेच रक्त देऊ शकतील अशी नऊ नावं सांगितली. आणि ते फोन करत असताना ती उजव्या हातानं पाठकोऱ्या कागदांवर पूर्ण यादी उतरवत राहिली, डाव्या हातानं माउस हलवत. पाच मिनिटं माउस थांबला की मासे येणार, आणि मासे म्हणजेच तो. तारीख वीस आहे, तो फसलाय, हे डोक्याला कळत होतं. पोटाला कळत नव्हतं. एकेचाळीसावं नाव उतरलं तसं तिनं यंत्र बंद केलं आणि पिन काढून लांब फेकली.

पहिले दोन नंबर उचललेच नाहीत. तिसऱ्या ठिकाणी माणूस शेतात गेला होता. चौथा नंबर पेठ वडगावातल्या एका चहाच्या गाड्याजवळच्या दुकानाचा. तिथल्या पोऱ्यानं हाक मारली, “तानाबाईऽऽ!” आणि पाच मिनिटांनी फोनवर दमलेला आवाज आला. ही बाई तिथं भाजी विकायची.

“येतो की,” तानाबाई म्हणाली. “भाजी शेजारणीकडं ठेवतो. कुठं यायचं तेवढं सांगा.”

सातवा नंबर कागलचा लागला. तिथल्या गवंड्यानं पाट्या टाकल्या आणि मोटरसायकल काढली.

मग फक्त वाट बघणं उरलं. आणि खरं सांगायचं तर तेच सगळ्यात वाईट. एक वाजला, दीड वाजला. हंबीररावांनी भडंग आणला, तो तसाच पुडीत राहिला. क्रांतीच्या डोक्यात एकच गाव घोळत होतं. बेळगाव. तिथं कुठला आलाय सोमवार! सकाळीच चालू केलं असणार. बसलं असणार. आणि नसलं तर? नसलं तर अजून वेळ आहे. मग उठ की, भवाने! उठून फोन कर! पण फोनपाशी ते बसलेले, आणि फोन उचलला की ‘कशाला’ म्हणून विचारणार. दर मिनिटाला ती उठायचं ठरवत होती आणि दर मिनिटाला बसून राहत होती. यल्लव्वाचं काय होतंय ते कळू दे, मग सांगते, असा तिनं स्वतःलाच वायदा दिला. भित्र्या माणसाला वायदे फार सुचतात.

पावणेतीनला सार्थकचा फोन आला. हंबीररावांनी उचलला. ते नुसते हुं हुं करत राहिले आणि मग त्यांनी डोळ्यांवरून धोतराचा सोगा फिरवला.

“तानाबाईची बाटली चढल्या. ब्लडप्रेशर वर यायलंय. गवंड्याची तपासणी चालू हाय. जगतीय म्हणत्यात पोरगी.” त्यांनी फोन ठेवला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. “बघ! त्या पेढीचं यंत्र एवढं मोठं, लाखाचं, तरी मेलं. आणि आपलं शाबूत! का? नियम पाळलं म्हणून. तुझ्यासारखी पोरगी प्रत्येक हापिसात पाहिजे.”

असं म्हणून ते फोनचं कुलूप लावायला वाकले.

“आबा, लावू नका.”

“का गं?”

“बेळगावला फोन करायचाय.” तिचा आवाज फुटला आणि मग थांबलाच नाही. “आपल्यातबी हाय तो. मासे मी घेतले श्रुतीकडनं. मी उघडले. पेढीचं यंत्र माझ्या फ्लॉपीनं मेलं आबा, त्या बाईचे तीन तास माझ्यामुळं गेले. बेळगावलाबी मीच पाठवलंय. मला शनिवारपासनं ठाऊक हाय.”

हंबीरराव कुलूप हातात घेऊन सरळ झाले. त्यांचं तोंड लाल झालं, मग पांढरं झालं. क्रांतीला वाटलं, आता मारतात. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी कुलूप टेबलावर आपटलं.

“आधी फोन लाव,” ते म्हणाले. “तुझं मग बघतो.”

तीनदा नंबर चुकला. चौथ्यांदा रिंग गेली. बराच वेळ कुणी उचलेना, मग एका मुलीचा आवाज आला.

“हॅलो, शिवानी बोलत्ये. कोल्हापूर काय? एक मिनिट थांबा हं अक्का, सकाळपासून करंट नव्हता इथं, आत्ता आलाय. कॉम्प्युटर चालू केल्ये, तेवढं बघून येत्ये.”

“वायर उपटा!” क्रांती ओरडली. “शिवानी, वायर उपटा आधी! भिंतीतनं! आत्ता!”

पलीकडं रिसीव्हर टेबलावर पडला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. हंबीरराव पुढं येऊन, रिसीव्हरला कान लावून, तिच्या डोक्याजवळ डोकं आणून उभे राहिले.

“उपटल्ये,” शिवानीचा आवाज परत आला. ती धापा टाकत होती. “नुसते ढग आले होते पडद्यावर. पण झालं काय अक्का? कोण बोलताय तुम्ही?”

क्रांतीनं हंबीररावांकडं बघितलं. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही, पण रिसीव्हरजवळनं ते हललेही नाहीत.

“मी रक्तमित्र मंडळातली क्रांती,” ती म्हणाली. “तुमच्या फ्लॉपीत मासे मी घातले होते, त्यात व्हायरस आहे. मला शनिवारीच कळलं होतं, आणि मी फोन आज करतेय.”